ब्रुक ॲस्टर : मोत्यांची माळ आणि दानाचा हिशेब

व्हिन्सेंट ॲस्टर १९५९ मध्ये वारल्यावर त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाची, म्हणजे देणग्यांसाठी वेगळ्या राखलेल्या निधीची, सूत्रे पत्नी ब्रुक (१९०२–२००७) यांच्याकडे आली आणि १९९७ मध्ये ते बंद होईपर्यंत त्यातून सुमारे १९.५ कोटी डॉलर, बहुतांशी न्यूयॉर्कमध्येच, दिले गेले. मदत मागणारी संस्था हार्लेमच्या गरीब वस्तीत असली तरी हॅट, हातमोजे, मोत्यांची माळ अशा पूर्ण पोशाखात त्या स्वतः पाहणीला जात, कारण साधेपणाचे सोंग त्यांना यजमानांचा अवमान वाटे. हा निव्वळ मिरवण्याचा सोस खचितच नव्हता. बालपणी बीजिंगमध्ये राहिलेल्या ब्रुक यांच्याच पाठबळाने मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सुझोऊच्या कारागिरांनी मिंगकालीन धर्तीचे अंगण उभारले. वार्धक्यात स्मृतिभ्रंश झालेल्या आईच्या संपत्तीच्या अपहाराबद्दल पुत्र अँथनी मार्शल २००९ मध्ये दोषी ठरले.