कारखान्याच्या टाकीतले पाणी: जबाबदार कोण?

भिवंडीतील लूममालक सुताचा भाव, विजेचे बिल आणि कापडाचा उठाव यांचा हिशेब रोज करतो. गच्चीवरच्या टाकीचा हिशेब मात्र फारसा कोणी ठेवत नाही. वास्तविक त्याच टाकीतले पाणी कारीगर पितात, भिशीत त्याच पाण्याने डाळ शिजते आणि अनेक मोहल्ल्यांत खालचे कारखाने व वरच्या खोल्या मिळून एकच टाकी वापरतात. म्हणजे ती एक छोटी पाणीपुरवठा योजनाच झाली. फरक एवढाच की, तिला अभियंता नाही आणि नोंदवहीही नाही.

शहराला पाणी तीन ठिकाणांहून मिळते: स्टेम, मुंबई महापालिका आणि आपला वऱ्हाळा तलाव. स्टेमचे पाणी उल्हास नदीतून उचलून टेमघरला शुद्ध केले जाते. बिघाड बहुधा पुढे वाटेत होतो. पाणी ठरावीक वेळच येते, बाकीचा वेळ नळवाहिनी रिकामी असते. गटारातून गेलेल्या जुन्या जोडणीला एखादे छिद्र असले, तर रिकामी वाहिनी बाहेरची घाण आत ओढते. त्यात आपण लाइनवर थेट मोटार लावतो. मोटार पाणी ओढते तशी गटारातली घाणही ओढते. शेजाऱ्याचे पाणी पळवल्याबद्दल भांडणे होतात. घाण ओढल्याबद्दल मात्र कोणी भांडत नाही!

याची किंमत काय, हे आपल्याच धंद्यातल्या गावाने पाहिले आहे. २०१२ साली इचलकरंजीत कावीळ पसरली. तेही यंत्रमागाचेच शहर. हजारो लोक आजारी पडले, काहींचे प्राण गेले. त्याआधी १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली होती. दूषित पाण्यातून पसरणारी ‘ई’ प्रकारची कावीळ शरीरात शिरल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी दिसते. त्यामुळे कारीगर गावी जाऊन आजारी पडतो आणि दोष भलत्याच पाण्याला दिला जातो. गरोदर स्त्रियांना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ही कावीळ जीवघेणी ठरते. कारखान्यावरच्या खोल्यांत कुटुंबे राहतात, हे इथे ध्यानात ठेवावे.

आता कायद्याचे पाहू. १९४८ च्या कारखाने कायद्यातील १८ व्या कलमाने पिण्याच्या पाण्याची सोय मालकावर टाकली होती. पाण्याची जागा मोरी, संडास, पिकदाणी किंवा उघड्या गटारापासून ६ मीटरच्या आत नसावी आणि तिथे बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत ‘पिण्याचे पाणी’ असे लिहावे, असे त्यात म्हटले होते. २०२० च्या व्यवसाय सुरक्षा संहितेनेही पिण्यायोग्य पाण्याची जबाबदारी मालकाकडेच ठेवली आहे. आपल्याकडे किती कारखान्यांत माठ मोरीला लागून ठेवलेला असतो, ते ज्याने त्याने पाहावे. लहान कारखान्याला कायदा लागू होतो की नाही, हा वाद वकिलांनी घालावा. जंतू कामगारांची संख्या मोजत नाहीत.

पाणी चांगले कशाला म्हणायचे, हे भारतीय मानक १०५०० मध्ये ठरले आहे. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जंतू एकही आढळता कामा नये आणि क्लोरीन टाकलेल्या पाण्यात नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. ग्रामपंचायतीचे शिपाई ज्याला ओटी टेस्ट म्हणतात, ती हीच तपासणी. नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, न आला तर नाही. याखेरीज बाटलीत पाणी भरून ठेवायची एक स्वस्त चाचणी मिळते. पाणी काळे पडले तर ते दूषित समजावे. ही पद्धत १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधकांनी मांडली. पक्का दाखला हवा असेल तर नमुना जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत द्यावा, पण तो तिथल्याच निर्जंतुक बाटलीत.

उपाय महाग नाही. १,००० लिटर पाण्याला अडीच ग्रॅम ताजी टीसीएल पावडर लागते. २,००० लिटरच्या टाकीला जेमतेम एक चमचा! बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे आणि तासाभराने ओटी टेस्ट करावी. रंग आला नाही तर पाण्यात घाण जास्त आहे किंवा पावडर जुनी आहे. उघड्या डब्यातली पावडर लवकर निकामी होते. कारीगर ‘दवाईचा वास येतो’ म्हणून कुरकुर करतील, त्यांना कारण समजावून सांगावे. बोअरवेलच्या पाण्याचे मात्र एवढ्याने भागत नाही. क्लोरीनने जंतू मरतात, क्षार किंवा डाईंगचे रसायन जात नाही.

बरेच मालक म्हणतात, आम्ही जार मागवतो. सीलबंद जारवर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो, तो पाहावा. थंड पाण्याच्या उघड्या जारवर काहीच लिहिलेले नसते. शिवाय आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. जार अस्वच्छ असला किंवा त्यात हात बुडवून ग्लास भरले, तर ते पाणी पुन्हा बिघडायला वेळ लागत नाही.

खरी अडचण पैशांची नाही, ती वाटणीची आहे. गाळा एकाचा, लूम दुसऱ्याचे, वर खोल्या तिसऱ्याच्या आणि त्याच बोअरवरून मशिदीच्या वुजूखान्यालाही पाणी गेलेले. मग टाकी धुवायची कोणी? गाळ्याचा भाडेकरार नवा करताना त्यात एक ओळ घालून घ्यावी: टाकी कोण धुणार, दर किती महिन्यांनी, पावडर व तपासणीचा खर्च कोणाकडे. धुतल्याची तारीख टाकीवरच रंगाने लिहावी.