लाकडावर धावणारी मोटार

मोटारीच्या मागे बंबासारखी उंच टाकी. चालक झाकण उघडून त्यात लाकडाचे ठोकळे ओततो, खाली विस्तव पेटवतो आणि काही मिनिटांत गाडी सुरू होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपातल्या रस्त्यांवर हे नेहमीचे दृश्य होते. १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वे व्यापले आणि तटस्थ स्वीडनकडे समुद्रमार्गे येणारे तेल जवळजवळ थांबले. जंगले मात्र अमाप होती. पुढच्या काही वर्षांत तिथे ७० हजारांहून अधिक वाहने लाकूड आणि कोळशाच्या वायूवर धावू लागली. पेट्रोलचे रेशनिंग झाल्यावर भारतातही प्रवासी मोटारींना कोळशाचे गॅस प्लांट बसवले गेले.

हे वाफेचे इंजिन नव्हते. इंजिन पेट्रोलचेच, फक्त त्याचे इंधन बदलले होते. जॉर्ज अँबेर या फ्रेंच संशोधकाने १९२० च्या दशकात विकसित केलेल्या भट्टीत लाकडाला मुद्दाम अपुरी हवा दिली जाई. त्यामुळे ते पूर्ण जळत नसे. तयार होणारा वायू खालच्या लालभडक कोळशातून ओढला जाई आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हे ज्वलनशील वायू येत. तो गार करून, गाळून इंजिनात सोडला जाई. एक लिटर पेट्रोलचे काम करायला सुमारे तीन किलो लाकूड लागे. इंजिनाची ताकदही बरीच घटे, त्यामुळे चढावर गाडी रडतखडत जाई.

खरा धोका वेगळाच होता. या वायूचा साधारण पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असे. गाडी चालताना इंजिन वायू आत ओढते, त्यामुळे फटीतून तो सहसा बाहेर येत नसे. पण भट्टी पेटवताना, लाकूड भरताना आणि विशेषतः गाडी बंद केल्यावर तो बाहेर पडे. आतले निखारे धुमसतच राहत. अशी गाडी बंद गॅरेजमध्ये उभी करणे जिवावर बेतू शकत असे. स्वीडनमध्ये या विषबाधेचे रुग्ण वाढले आणि डॉक्टरांना तिचा बारकाईने अभ्यास करावा लागला.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते. त्यामुळे श्वास सुरू असूनही मेंदू आणि हृदयाला ऑक्सिजन पुरत नाही. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, मग ग्लानी येते. पित्त झाले असेल म्हणून माणूस तिथेच आडवा होतो आणि उठत नाही.

त्या मोटारी गेल्या, पण अपुऱ्या हवेत धुमसणारा कोळसा आजही घरात येतो. थंडीत दार-खिडक्या लावून शेजारी ठेवलेली शेगडी ही त्या भट्टीचीच धाकटी बहीण. हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरातला गॅस गिझर किंवा बंद जागेत चालू ठेवलेली मोटार यांतूनही हाच वायू साचतो. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर पहिला संशय याचाच घ्यावा.

अशा वेळी दार-खिडक्या उघडाव्यात, सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि लगेच रुग्णालयात न्यावे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये, कारण नेहमीच्या ऑक्सिमीटरला या वायूने व्यापलेले हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलेच वाटते आणि आकडा ९८ दिसू शकतो. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिल्यास हे काम दीड तासाच्या आत होते. म्हणून 'आता बरे वाटतेय' म्हणत घरी थांबू नये.

ज्या वायूवर इंजिन धावते, त्यात माणूस जगत नाही. शेगडी पेटवलीच, तर खिडकी उघडी ठेवावी आणि झोपण्यापूर्वी निखारे घराबाहेर न्यावेत.