सूर्याच्या कलाने उभी राहिलेली शाळा

समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंची, वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस, हिवाळ्यात उणे २० अंशांपर्यंत घसरणारा पारा आणि तरीही वर्षातील बहुतेक दिवस लख्ख ऊन. लेहजवळच्या शे गावातील द्रुक पद्म कार्पो शाळेची रचना याच परिस्थितीतून आकाराला आली आहे. ही शाळा २००१ मध्ये सुरू झाली. 'थ्री इडियट्स' (२००९) या चित्रपटामुळे ती देशभर ठाऊक झाली. मात्र तिचे खरे वैशिष्ट्य तिच्या भिंतींमध्ये दडलेले आहे.

लंडनच्या अरुप असोसिएट्स या संस्थेने आराखडा करताना कोणती इमारत केव्हा वापरली जाते, याचा आधी विचार केला. वर्ग सकाळीच भरतात. त्यामुळे ते दक्षिणेकडून किंचित पूर्वेला वळवले असून, मोठ्या काचांतून कोवळे ऊन थेट आत येते. वसतिगृहाला ऊब हवी असते ती रात्री. तेथे दक्षिणेच्या बाजूस गडद रंगाची जाड भिंत आणि तिच्यापुढे काच, अशी योजना आहे. दिवसभर तापलेली भिंत रात्री सावकाश उष्णता आत सोडते. इंधन जाळावे लागत नाही.

पाणी दुर्मीळ असल्याने शौचालये कोरडी आहेत. उन्हाने तापणाऱ्या धुराड्यातून हवा वर ओढली जाते आणि तिच्याबरोबर दुर्गंधीही बाहेर पडते. बांधकामासाठी स्थानिक ग्रॅनाइट, माती, पॉपलर आणि विलोचे लाकूड वापरले आहे. हा टापू भूकंपप्रवण आहे. म्हणून मातीच्या जड छपराचा भार भिंतींवर न टाकता स्वतंत्र लाकडी सांगाड्यावर पेलला आहे. भिंत ढासळली तरी छप्पर मुलांच्या डोक्यावर येऊ नये, हा त्यामागील हेतू.

निसर्गाने या शाळेचीही परीक्षा घेतली. ऑगस्ट २०१० मधील ढगफुटीने लेह परिसरात दोनशेहून अधिक बळी घेतले. तेव्हा चिखलाचा लोंढा शाळेच्या आवारातही घुसला. ऊन आणि थंडी यांचा हिशेब पक्का असला, तरी डोंगरउतारावरून पाणी कोणत्या वाटेने येईल, याचाही विचार तितकाच अटळ असतो, हे त्या रात्रीने दाखवून दिले. पावसाचे गणित बदलत असताना तर जुन्या नोंदींवर विसंबून राहणेही पुरेसे नाही.

या शाळेची नक्कल मात्र अन्यत्र उपयोगाची नाही. लेहमध्ये ऊब देणारी काच नागपूरच्या उन्हाळ्यात वर्गाची भट्टी करील. तेथे हवी ती सावली, खोल पडवी आणि वाऱ्याला मोकळी वाट. शे गावाकडून घ्यायची ती पद्धत: आधी ऊन, वारा, पाणी आणि माती यांची चौकशी करावी, मगच भिंतीची रेघ आखावी.