मनगटात जागा कुठून येते?

आपलं मनगट जरा चाचपून पाहा. एवढ्याशा जागेत आठ छोटी हाडं आहेत आणि त्यांच्यावरून कंडरा, नसा, रक्तवाहिन्या दाटीवाटीने बोटांकडे निघाल्या आहेत. हाडांमधली फट जेमतेम एक-दोन मिलिमीटरची. तिथे सांध्याच्या आत पाहायची दुर्बीण शिरते तरी कशी?

त्यासाठी आधी हात टांगतात! बोटांवर विणलेल्या जाळीच्या टोप्या चढवतात. या टोप्या ओढाल तितक्या घट्ट बसतात. चार-पाच किलोच्या ताणाने हाडं किंचित विलग होतात, आत सलाईन सोडलं की पोकळी फुगते. नव्हती ती जागा तयार!

आता वाट. मनगटाच्या मागे, अंगठ्याच्या बाजूच्या रेडियस हाडावर एक बारीक उंचवटा बोटाला लागतो. त्याच्या सेंटीमीटरभर पुढे, दोन कंडरांच्या मधोमध, एक मऊ खळगा असतो. तिथे काही मिलिमीटरची चीर देतात, तीही फक्त कातडीला. पुढे चिमट्याने ऊती बाजूला सारत जायचं. त्यापुढे काहीही न कापता सांधा गाठता येतो, हे मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं.

ही दुर्बीण मुळात इतकी बारीक नव्हती. १९१८ मध्ये टोकियोत केंजी ताकागींनी मूत्राशय पाहायची नळी मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली होती. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९७० पर्यंत दुर्बीण १.७ मिलिमीटरवर आणली, आणि मनगटासारख्या लहान सांध्यांचं दार उघडलं.

आत काय दिसतं? करंगळीच्या बाजूला कूर्चा आणि अस्थिबंधांचा एक तिकोनी पडदा असतो, टीएफसीसी. डॉक्टर बारीक आकड्याने तो दाबून पाहतात. धडधाकट पडदा तबल्याच्या पुडीसारखा ताठ असतो, आकडा उसळून परततो. फाटला असेल तर तो ढिला पडतो. मग टाके घालायचे का? ते पडदा कुठे फाटलाय यावर ठरतं! पडद्याच्या कडेला रक्त पोचतं, म्हणून तिथली चीर टाक्यांनी भरून येते. मधल्या भागाला रक्तपुरवठाच नाही. तिथले लोंबते तुकडे फक्त छाटून गुळगुळीत करतात. दोन्ही कामं अशाच इवल्या छिद्रांतून.

हा पडदा साध्या एक्स-रेत दिसत नाही. म्हणून हातावर पडल्यानंतर ‘फ्रॅक्चर नाही’ असं कळूनही करंगळीच्या बाजूचं दुखणं आठवडे उलटले तरी थांबत नसेल, किल्ली फिरवताना कळ येत असेल, तर ते अंगावर काढू नका. हाताच्या तज्ज्ञाला दाखवा.