मास्तरांना काय कमी आहे?

आजचा विषय जरा अवघड जागेचा आहे. शिक्षकांना त्यांच्या कामाचा योग्य मोबदला मिळतो का? भोंगवलीत काय किंवा भोर-वेल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, पारावर हा प्रश्न टाकला की उत्तर तयार असतं: "मास्तरांना काय कमी आहे?" हे उत्तर खोटं आहे असं मी म्हणणार नाही. ते अर्धं आहे, एवढंच म्हणेन.

आधी आकडे बघू. जिल्हा परिषद शाळेतला प्रशिक्षित प्राथमिक शिक्षक सातव्या वेतन आयोगात २९,२०० रुपये मूळ वेतनावर सुरू होतो. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता वेगळा, शिवाय दरवर्षी वेतनवाढ. ज्याचा कांदा बाजारात मातीमोल जातो, त्या शेतकऱ्याला हा पगार मोठा वाटणारच.

पण नवा शिक्षक या पायरीवर थेट चढत नाही. आधी तीन वर्षं तो शिक्षणसेवक असतो. ही योजना २००० च्या सुमारास आली, तेव्हा प्राथमिकला महिना ३,००० रुपये मानधन होतं. पुढे ६,००० झालं आणि तिथंच कितीतरी वर्षं अडकून पडलं. १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० झालं.

आता साधा हिशोब करा. २९,२०० वजा १६,०००, म्हणजे महिन्याला १३,२०० चा फरक. ३६ महिन्यांचे होतात ४,७५,२०० रुपये. यात भत्ते धरलेलेच नाहीत.

कुणी म्हणेल, नवखा आहे, शिकू दे की आधी. पण तो पदविका घेऊन, पात्रता परीक्षा पास होऊन, अभियोग्यता चाचणी देऊन आलेला असतो. आणि पहिलीच्या पोरांना तो अर्धं शिकवत नाही. शेजारच्या वर्गातल्या जुन्या गुरुजींइतकेच तास घेतो. सरकारी कचेरीत लिपिक लागला तर परिवीक्षेच्या काळातही त्याला वेतनश्रेणी मिळते. समान कामाला समान वेतन हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पंजाबच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात ठासून सांगितलं. ते शाळेच्या दारात का थांबावं?

याच्याही खाली एक पायरी आहे, विनाअनुदानित शाळांची. 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' शब्द सरकारने २००९ मध्ये काढला. मग अनुदान २० टक्क्यांच्या टप्प्यांनी यायला लागलं. २० टक्क्यांवरच्या शिक्षकाला सरकारकडून पगाराचा पाचवा हिस्सा मिळतो. उरलेला संस्थेने द्यायचा. संस्थेकडे नसला, किंवा तिने दिला नाही, तर तो माणूस सुट्टीत शेतावर किंवा दुकानात राबतो आणि सोमवारी पुन्हा फळ्यापुढे उभा राहतो.

म्हणजे 'शिक्षकाचा पगार' असा एकच आकडा नाहीच. एकाच कामाचे तीन-चार भाव आहेत. अन्याय आहे तो इथं.

आता काम बघा. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्यात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. डोंगरातल्या शाळेत मुलं थोडी असतात, पण इयत्ता पाचच राहतात. एक वर्ग वाचतोय, दुसरा गणितं सोडवतोय, तिसऱ्याला गुरुजी शिकवतायत. त्यात माहिती भरा, फोटो पाठवा, पोषण आहाराची नोंद ठेवा. याच कायद्याचं कलम २७ सांगतं, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. मोबदला योग्य आहे का, हे रुपयांवर ठरतं तसं तो कशाबद्दल दिला जातो यावरही ठरतं. शिकवायचा पगार देऊन कारकुनी करून घेतली, तर फसवणूक शिक्षकाची होते आणि तुमच्या पोराचीही.

तेव्हा एक करा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. मंजूर पदं किती आणि भरलेली किती? आपले गुरुजी-बाई कोणत्या पायरीवर आहेत? गेल्या महिन्यात ते किती दिवस वर्गाबाहेर होते? उत्तरं वहीत लिहून ठेवा. मग पारावर बोलू, मास्तरांना काय कमी आहे ते.