तळघरातील भिंत : एका खर्चाचा खुलासा

रुग्णालयास भेट देणाऱ्या हितचिंतकांना आपण वॉर्ड, शस्त्रक्रियागृह व औषधालय दाखवितो. तळघरापर्यंत सहसा कोणी जात नाही. यंदाच्या जमाखर्चात मात्र तळघरातील एक विटांची भिंत, वाफ बाहेर नेणारे पत्र्याचे नळकांडे आणि परसातील एक शेड यांवरील खर्च दिसतो. एखादे नवे उपकरण न घेता हा खर्च का केला, असा रास्त प्रश्न काही देणगीदारांनी विचारला आहे. त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आपल्या तळघरात धुलाई विभाग व दुरुस्ती कार्यशाळा अनेक वर्षे एकाच दालनात होते. कार्यशाळेत लेथ, पिलर ड्रिल, ग्राइंडर व वेल्डिंगचा संच आहे. स्ट्रेचरच्या चाकांचे बुश, सलाईनचे स्टँड, खाटांचे दांडे अशी कामे तेथे होतात. ही कामे बाहेर दिली तर पैसे अधिक लागतातच, शिवाय खाट तितके दिवस रुग्णाच्या उपयोगी पडत नाही. म्हणून कार्यशाळा बंद करणे हा उपाय नव्हता. अडचण होती ती शेजाराची.

पहिला प्रश्न दमटपणाचा. 100 किलो सुती कपडे यंत्रात चांगले पिळले, तरी त्यांत सुमारे 50 लिटर पाणी उरते. कपडे वाळतात म्हणजे हे सर्व पाणी हवेत जाते. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागते. रात्री यंत्राचे थंड लोखंड आणि धुलाईची कोमट वाफ यांची गाठ पडली की लेथच्या बेडवर दव धरते. विरंजक द्रावणाच्या वाफेने गंज आणखी वाढतो. तेल लावणे हा उपाय खरा, परंतु हवा कोरडी नसेल तर तो अपुरा पडतो.

दुसरा प्रश्न याच्या उलट दिशेचा आहे. गतवर्षी शस्त्रक्रियागृहाच्या चादरींच्या घड्या घालताना एका परिचारिकेस एका चादरीत लेथवरचा नखाएवढा लोखंडी कीस सापडला. चादर वेळीच बाजूला काढली गेली व रुग्णास काही इजा झाली नाही. परंतु ऑटोक्लेव्ह जंतू मारतो, लोखंडाचा कण काढून टाकीत नाही. ती चादर टेबलावर पोहोचली असती तर काय झाले असते, हा विचार आम्हांस स्वस्थ बसू देईना.

तिसरा प्रश्न आगीचा. ड्रायरमधून सुताची बारीक भुरी सतत बाहेर पडते व तुळयांवर, वायरींवर साचते. ती चटकन पेट घेते. ग्राइंडरच्या ठिणग्यांना तेवढे पुरे असते. अमेरिकेतील अग्निसुरक्षा मानकांनुसार वेल्डिंगच्या जागेपासून सुमारे 11 मीटरपर्यंत ज्वलनशील वस्तू नसाव्यात व काम संपल्यावर किमान एक तास पहारा असावा. आमच्या दालनात हे अंतर मिळणे शक्यच नव्हते. डिसेंबर 2011 मध्ये कोलकात्यातील एका रुग्णालयाच्या तळघरात लागलेल्या आगीचा धूर वरच्या मजल्यांवर पसरला आणि सुमारे 90 जणांचा बळी गेला. बहुतेकांचा मृत्यू ज्वाळांनी नव्हे, तर गुदमरून झाला. अंथरुणाला खिळलेला रुग्ण धुरापासून पळू शकत नाही.

या तिन्ही बाबींचा विचार करून विश्वस्त मंडळाच्या संमतीने पुढील बदल केले. दोन्ही विभागांमध्ये जमिनीपासून छतापर्यंत पक्की भिंत बांधली. ड्रायरची वाफ नळकांड्याने इमारतीबाहेर सोडली. वेल्डिंग व ग्राइंडिंग परसातील शेडमध्ये हलविले. ड्रायरची जाळी प्रत्येक खेपेनंतर साफ केली जाते, त्याची नोंदवही ठेवली आहे. विरंजक व आम्ल निरनिराळ्या कपाटांत ठेवतो, कारण ती एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. पावसाळ्यात पाणी शिरले तरी मोटारी भिजू नयेत म्हणून यंत्रे ओट्यांवर बसविली. ओल्या जमिनीवर विजेचा धक्का बसू नये म्हणून दोन्ही विभागांत गळती होताच प्रवाह तोडणारी स्विचे लावली. कार्यशाळेतील कामगार आता आपला एप्रन तेथेच उतरवून बाहेर पडतात.

या कामाच्या उद्घाटनाची फीत कापली गेली नाही आणि भिंतीवर कोणाच्या नावाची पाटीही नाही. तरीही शस्त्रक्रियेच्या टेबलावर अंथरलेल्या प्रत्येक स्वच्छ चादरीमागे आणि वरच्या मजल्यावर निर्धास्त झोपलेल्या प्रत्येक रुग्णामागे आपल्या देणगीतील काही रुपये उभे आहेत. ज्यांचे आप्त आमच्या स्वाधीन आहेत, त्यांना हे ठाऊक असावे, म्हणून हा खुलासा. इच्छुक देणगीदारांनी पुढील भेटीत तळघरही अवश्य पाहावे, ही नम्र विनंती.