समांतर भिंतींमधील वृत्तचितीवरील श्यान रोध

श्यान द्रायूतून मंद गतीने जाणाऱ्या गोलावरील रोधाचे सूत्र स्टोक्स यांनी १८५१ साली दिले. तेथे रोध हा श्यानता, त्रिज्या व वेग यांच्या सम प्रमाणात असतो. तीच पद्धत अमर्याद द्रायूतील लांब वृत्तचितीला लावू गेल्यास मात्र उत्तरच मिळत नाही. चितीच्या पृष्ठावर द्रायू चितीबरोबर चालावा आणि अतिदूर तो स्थिर असावा, ह्या दोन अटी एकाच वेळी पूर्ण होऊ शकत नाहीत. यालाच स्टोक्सचा विरोधाभास म्हणतात.

ह्याचे कारण भौतिक आहे. गोलाने उत्पन्न केलेला क्षोभ अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटत जातो. चितीचा रोध मात्र अखंड रेषेवर पसरलेला असल्यामुळे तिचा क्षोभ अंतराच्या लॉगॅरिथमप्रमाणे बदलतो व तो कोठेही लोप पावत नाही. म्हणून त्याला मर्यादा घालणारे दुसरे काहीतरी असावे लागते. ते द्रायूचे जडत्व असू शकेल. ओसीन यांनी १९१० मध्ये सुचविलेल्या व लँब यांनी १९११ मध्ये चितीला लावलेल्या सिद्धांताचा हाच आधार होय. अथवा ती मर्यादा पात्राची भिंत घालू शकेल. श्यानतेच्या गतिक गुणांकास वेगाने भागले असता जी लांबी मिळते, तीपेक्षा भिंतीचे अंतर बरेच कमी असल्यास भिंतीचाच अंमल चालतो.

दोन स्थिर समांतर भिंतींच्या बरोबर मध्यातून सरकणाऱ्या चितीचे गणित फाक्सेन यांनी केले. त्यांचे सूत्र १९४६ साली प्रसिद्ध झाले. भिंतींमधील अंतर व चितीचा व्यास यांचे गुणोत्तर मोठे असेल, तर त्याचा नैसर्गिक लॉगॅरिथम घेऊन त्यातून ०.९१५७ वजा करावे, आणि श्यानता व वेग यांच्या गुणाकाराच्या १२.५७ पटीस त्या संख्येने भागावे. भागाकार हाच एकक लांबीवरील रोध होय. गुणोत्तर लहान असता पुढील पदेही घ्यावी लागतात. ह्या रीतीने रोधाचा गुणांक गुणोत्तर १० असता ८.९५, १०० असता ३.४१ व १,००० असता २.१० येतो. भिंती शंभर व्यास अंतरावर असता गोलावरील रोध सुमारे १ टक्क्यानेच वाढतो. चितीच्या बाबतीत मात्र त्या हजार व्यासांवर नेल्या तरी त्यांचा प्रभाव उरतोच. सारांश, मंद प्रवाहात भिंत ही केवळ दुरुस्तीची बाब नसून रोधाचे मूल्य निश्चित करणारा घटक आहे.

भिंतींच्या जागी शेजारच्या चिती आल्या तरी तत्त्व बदलत नाही. कुवाबारा यांनी १९५९ मध्ये समांतर चितींच्या समूहाचा असा विचार केला. त्यांच्या सूत्रात एकक लांबीवरील रोध चितींनी व्यापलेल्या आकारमानाच्या अंशावरच अवलंबून असतो. व्यास स्वतंत्रपणे येत नाही. हा अंश ०.१ वरून ०.२ झाला की गुणांक २५.२ वरून ५१.४ होतो.

नागपूरच्या वाचकास याचे उदाहरण दूर शोधावयास नको. येथे १९७६ साली केंद्रीय कापूस संशोधन संस्था स्थापन झाली, आणि कापसाच्या प्रतवारीतील मायक्रोनेअर ही कसोटी याच तत्त्वावर उभी आहे. ठरावीक वजनाची रुई ठरावीक आकारमानात दाबून तीतून हवा सोडतात व प्रवाहास होणारा विरोध मोजतात. तंतू सरळ वा समांतर नसल्याने वरील सूत्रे येथे स्थूलमानानेच लागू पडतात. परंतु युक्तिवाद स्पष्ट आहे. वजन व आकारमान ठरलेले असल्याने व्यापलेला अंश स्थिर राहतो. म्हणून तंतूच्या एकक लांबीवरील रोधही स्थिर राहतो. तेव्हा एकूण विरोध तंतूंच्या एकूण लांबीवर ठरतो. व्यास निम्मा झाला की त्याच वजनात चौपट लांबी मावते आणि विरोधही चौपट होतो. तंतू तलम, तर हवा कमी जाते व अंक कमी येतो. वजनात किंवा दाबण्यात चूक झाल्यास मात्र अंकावरील विश्वासच ढळतो.

तथापि ह्या अंकाचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. अपरिपक्व तंतूची भिंत पातळ असते. त्याच्या एका ग्रॅममध्येही अधिक लांबी भरते. त्यामुळे जातीने तलम असलेला कापूस आणि पाण्याच्या ताणामुळे पुरता न भरलेला कापूस, दोहोंचा अंक सारखाच कमी येऊ शकतो. पहिला उत्तम सुतास योग्य, तर दुसऱ्याच्या सुतात गाठी पडतात व त्यावर रंग नीट चढत नाही. किमान आधारभूत किंमत ठरविताना तंतूच्या लांबीबरोबर मायक्रोनेअरही पाहिला जात असल्याने, कोरडवाहू विदर्भातील शेतकऱ्यास हा भेद केवळ पुस्तकी नाही. परिपक्वतेची स्वतंत्र चाचणी जोडल्यावाचून हवेचा विरोध तंतूची लांबी सांगेल, तिचे कारण सांगणार नाही.